वंशवृक्षाची निष्पर्ण फांदी

आपल्या कुळाचा शोध घेऊ लागलो की आम्हा सर्वांच्या मनात एक सुप्त इच्छा डोकावते. मागील पिढ्यांत कोणी दर्यावर्दी, कोणी सेनानी सापडावा! परंतु आपली आडनावे या कामी फसवी ठरतात. पोर्तुगीज अमदानीत नवख्रिस्ती कुटुंबांना बहुधा धर्मपित्याचे वा धर्मगुरूंचे आडनाव मिळे. तेव्हा आडनाव एक म्हणून रक्त एक असे म्हणता येत नाही.

तरीही साहसी पूर्वज आपल्या समाजात खरोखरच होऊन गेले. बार्देशातील कांदोळीचे आबे फारिया हे त्यांपैकी एक. 31 मे 1756 रोजी जन्मलेले जुझे कुस्तोदियो 1771 साली वडिलांसह लिस्बनला पोहोचले आणि 1780 साली रोममध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली. 1787 च्या पिंटोंच्या बंडात या पितापुत्रांचा हात असल्याचा संशय घेतला गेला. पुढे फारिया पॅरिसला गेले. 1795 साली क्रांतीच्या धामधुमीत त्यांनी एका तुकडीचे नेतृत्व केले. 1813 पासून ते संमोहनावर जाहीर व्याख्याने देऊ लागले. ही निद्रा प्रयोगकर्त्याच्या अंगच्या शक्तीने येत नसून ज्याला ती लागते त्याच्याच मनातून उपजते, हे त्यांचे प्रतिपादन पुढील काळात मान्यता पावले. 1819 साली पॅरिसमध्येच त्यांचा अंत झाला. नंतर द्यूमाने आपल्या कादंबरीत त्यांचे नाव घेऊन एक इटालियन धर्मगुरू रंगवला आणि जगाने तोच खरा मानला.

असा नातलग कोणाला नको? पण फारिया धर्मगुरू. त्यांना वंशज नाहीत. वंशवृक्षावरची ती निष्पर्ण फांदी. त्यांच्याशी नाते सांगायचे तर खाली उतरून मुळांकडेच जावे लागते. तेथे काय दिसते? परंपरेनुसार, सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेला कोलवाळचा अनंत शेणवी हा गावचा कारकून. त्यानंतर कायतान व्हितोरिनो आणि रोझा मारिया दी सौझा हे दांपत्य. या दोघांचा संसार मोडला. पतीने अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करून गुरुदीक्षा घेतली. पत्नी जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात दाखल झाली.

घराण्याचा इतिहास लिहिणारे अशा प्रसंगी हळूच पान उलटतात. मोडलेला संसार, बंडाचा संशय या गोष्टी चारचौघांत सांगण्याजोग्या नव्हेत, असे त्यांना वाटते. परंतु तो संसार मोडला नसता, तर कायतान धर्मगुरू होऊन मुलाला युरोपात नेते ना. पणजीत 1945 साली उभारलेला आबे फारियांचा पुतळा आपण अभिमानाने पाहतो. त्याच अभिमानाने मठात गेलेल्या त्या माउलीचेही नाव घ्यावयास हवे.

धर्मग्रामाच्या जुन्या नोंदवह्या उघडणाऱ्या आमच्या तरुण वाचकांना म्हणूनच एवढे सुचवावेसे वाटते : सापडेल ते सारे उतरून घ्या. जे नाव वडीलधारे घेण्याचे टाळतात, त्यासाठी थोडी अधिक जागा ठेवा.