बंदरावरची गिनती

बंदर हा शब्द फारसी. नाखवा म्हणजे फारसीतला नाखुदा. खलाशी अरबीतून आलेला. बाणकोट, दाभोळ, राजपुरीच्या खाड्यांवर राहणाऱ्या कोकणी मुसलमानांना हे शब्द कुणी शिकवावे लागत नाहीत. मात्र दर्यावर निघालेल्या माणसांची गिनती सरकार कशी ठेवते, याकडे आपण क्वचितच पाहतो.

१९०८ साली बंदरांचा आणि १९१७ साली अंतर्गत जलमार्गांवरील वाफेच्या बोटींचा कायदा झाला. बोटीची तपासणी आणि दाखला कागदावर आले. तरीही १७ जुलै १९४७ रोजी रामदास बोट बुडाली. रमजानचा चाँद एक-दोन दिवसांवर होता आणि त्याच दिवशी गटारी अमावास्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ती बोट कलंडली आणि सहाशेहून अधिक उतारू गेले. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला खबर पोहोचेपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर जे वाचले ते कोळी बांधवांच्या होड्यांमुळे.

पुढे लहान बंदरांचा कारभार राज्य सरकारकडे आला. १९९६ साली महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले. राज्यातील ४८ लहान बंदरे त्याच्या अखत्यारीत आली. जेटी बांधणे, बंदराचे शुल्क घेणे आणि उतारू बोटींची तपासणी करून त्यांना परवाना देणे, ही सारी कामे एकाच मंडळाकडे. महसूल वाढवायचा आणि बोटीवर जास्त माणसे चढू लागली तर अडवायचेही. ही दुहेरी जबाबदारी सोपी नाही.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर चाचणीसाठी निघालेली नौदलाची वेगवान बोट आदळली. १५ जण दगावले. त्यानंतर मंडळाने प्रत्येक उतारूला लाइफ जॅकेट सक्तीचे केले. बोटीवर शंभरावर माणसे होती. परवान्यापेक्षा जास्त चढली होती का, हा प्रश्न तेव्हाही उठलाच.

१९१७ च्या कायद्याच्या जागी २०२१ चा आणि १९०८ च्या जागी २०२५ चा कायदा आला. पण कायदा धक्क्यावर उभा राहत नाही, तिथे माणूस लागतो. शेवटची बोट सुटताना आणखी दहा जण घाईने चढू पाहतात. त्यांना ‘भरली, आता नाही’ असे सांगणारा कुणी असायला हवा. आणि त्याच्यावर न चिडता मागे थांबणारे उतारूही. त्या उतारूंत आपणही असतो.