शिशाच्या सैनिकांचे युद्ध
प्रशियाचा लष्करी अधिकारी राइसविट्झ याने १८२४ मध्ये ‘क्रीगश्पील’, म्हणजे नकाशावर ठोकळे मांडून व फासे टाकून खेळायचा युद्धखेळ, नियमांसह प्रसिद्ध केला, तेव्हा त्याचा हेतू अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा होता, करमणुकीचा नव्हे. युद्धखेळाला घरातल्या फरशीवर आणले ते एच. जी. वेल्स यांच्या १९१३ मधील ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकातल्या खेळाने, ज्यात स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे सैनिक खरोखरच पाडले जात; युद्धविरोधी लेखकाचा हा छंद गमतीचाच म्हणावा लागेल. पुढे १९८३ मध्ये इंग्लंडमध्ये ‘वॉरहॅमर’ हा छोट्या सैनिक-प्रतिकृतींचा युद्धखेळ आला आणि त्यांच्या रंगकामाला, म्हणजे अस्तरावर मूळ रंग, खाचांत पातळ गडद रंग व उंचवट्यांवर फिकट छटा देण्याच्या कारागिरीला, डावपेचांइतकीच प्रतिष्ठा लाभली. त्याच्या ‘४०,०००’ या भावंडखेळात २०२० च्या नियमावलीने १०० पैकी १० गुण पूर्ण रंगवलेल्या सैन्यासाठी राखून ठेवले.