पोलादनगरीतील सायकल

भिलाईचा इतिहास लिहिणारे बहुतेक लेखक 2 फेब्रुवारी 1955 या दिवसापासून प्रारंभ करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. कारण त्या दिवशी भारत सरकार आणि सोव्हिएत संघ यांच्यामध्ये जो करार झाला, त्यानेच दुर्ग तहसिलीतील एका सामान्य खेड्याचे भवितव्य कायमचे पालटले. पुढे 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि 10 लक्ष टनांचा कारखाना 1967 पर्यंत 25 लक्ष टनांचा झाला. या सर्व घटनांची नोंद दप्तरांत व्यवस्थित आहे. परंतु ज्या सहस्रावधी माणसांनी त्या भट्ट्या उभारल्या आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या पेटत्या ठेवल्या, ती माणसे रोज पहाटे, भर दुपारी आणि रात्री कारखान्याच्या दरवाजापर्यंत पोहोचत कशी असत, या प्रश्नाचे उत्तर त्या दप्तरांत शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही. ज्याने या वसाहतीत आयुष्य काढले आहे त्याला ते ठाऊक आहे. ती सायकलीवरून जात असत.

हा मुलूख मराठी माणसाला परका नव्हे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून येथला कारभार पाहिला, आणि त्यानंतर सुभेदार व कमाविसदार यांच्या हाताखाली परगण्यांची वसुली चालली. त्या काळी दुर्गाहून रतनपुरास जावयाचे म्हणजे घोडे, मेणा किंवा बैलगाडी यांवाचून गती नव्हती. 1880 नंतर नागपूर-छत्तीसगड रेल्वे आली, ती लवकरच बंगाल-नागपूर रेल्वेत विलीन झाली, आणि 1891 साली नागपुराहून आसनसोलपर्यंतचा लोहमार्ग सलग झाला. त्यामुळे दूरचा प्रवास सुकर झाला खरा, पण स्थानकावर उतरलेल्या माणसाला पुढचे चार कोस पायीच तुडवावे लागत. 1906 साली दुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, वकील आले, शाळा-तपासनीस आले, आणि त्यांच्याबरोबर इंग्लंडात घडलेल्या रॅले, हंबर व बी.एस.ए. या सायकलीही आल्या. खेड्यातल्या माणसाच्या दृष्टीने सायकल ही तेव्हा साहेबाची किंवा मालगुजाराच्या मुलाची वस्तू होती. रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहण्याची, बसण्याची नव्हे.

1955 साली हा प्रदेश ज्या मध्यप्रदेशात होता, त्याची राजधानी नागपूर होती, आणि पंडित रविशंकर शुक्ल यांनी पोलादाचा कारखाना भिलाईस यावा म्हणून जी खटपट केली ती नागपुरात बसूनच केली. पुढल्याच वर्षी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, प्रांतरचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि राजधानी भोपाळास हलली. तरीही नागपूर, भंडारा आणि गोंदिया या भागांतून कामासाठी निघालेल्या तरुणांचा ओघ या नव्या सरहद्दीने थांबला नाही. एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर कायमची नोकरी मिळते ही बातमी सरहद्दीपेक्षा प्रबळ होती. माझे वडील त्या ओघातूनच येथे आले.

आता वसाहतीची रचना पाहू. सेक्टर 1 ते सेक्टर 10 अशा विभागांत ती आखली गेली, आणि प्रत्येक विभागात शाळा, लहानसा बाजार आणि खेळाचे मैदान असावे अशी योजना होती, म्हणजे गृहिणीला भाजीसाठी आणि मुलाला शाळेसाठी लांब जावे लागू नये. ही योजना उत्तम होती, परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती, ती अशी की कमावत्या पुरुषाचे ठिकाण मात्र विभागाच्या बाहेर, वसाहतीच्या एका अंगाला, कित्येक मैलांचा विस्तार व्यापून बसलेल्या कारखान्यात राहणार. ते अंतर पायी चालण्यास फार आणि आगगाडीने जाण्यास अल्प होते. शिवाय दरवाजातून आत शिरल्यावरही प्रवास संपत नसे. कोक ओव्हनपासून रेल मिलपर्यंतचे अंतर हाच एखाद्या लहान गावाचा विस्तार होय. जमीन सपाट, रस्ते रुंद, चढउतार नाममात्र. अशा भूमीवर सायकल हेच वाहन व्हावे, हे आराखडा काढणाऱ्यांनी लिहून ठेवले असो वा नसो, भूगोलाने ठरवून टाकले होते.

पाळ्या तीन: सकाळी 6 ते दुपारी 2, दुपारी 2 ते रात्री 10, आणि रात्री 10 ते सकाळी 6. पहाटे साडेपाचच्या सुमारास सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवर जो प्रवाह सुरू होई, त्याचा आवाज मोटारींच्या आवाजासारखा कर्कश नसे. साखळ्यांची कुरकुर, मडगार्डांचा खडखडाट, एखाद्या सैल घंटीची आपोआप होणारी किणकिण आणि त्यावर तेलुगू, बंगाली, पंजाबी, मल्याळी, मराठी आणि छत्तीसगडी अशा नाना भाषांतील बोलणे, असा तो मिश्र नाद असे. हँडलला डबा टांगलेला. कोणाच्या डब्यात पोळीभाजी, कोणाच्या डब्यात भात-सांबार, आणि आसपासच्या खेड्यांतून आलेल्या मजुराच्या डब्यात बासी, म्हणजे रात्रभर पाण्यात ठेवलेला भात, सोबत कांदा आणि मिरची. कॅम्प, खुर्सीपार आणि सुपेला या बाजूंनी येणाऱ्यांना हावडा-मुंबई लोहमार्ग ओलांडावा लागे, आणि फाटक बंद असल्यास सायकल आडवी कलती करून दांड्याखालून काढण्याचे जे कौशल्य त्यांनी हस्तगत केले होते, ते नियमाला धरून नसले तरी हजेरीचा वक्त चुकू नये या चिंतेतून जन्मलेले होते. मे महिन्यात दुपारी 2 वाजता सुटलेली पाळी घरी परतताना पाहणे क्लेशदायक असे. डोक्याला ओला गमछा, डोळे अर्धे मिटलेले, आणि डांबर इतके मऊ झालेले की टायर त्याला चिकटून चटचट आवाज करी. रात्रपाळीला जाणाऱ्यांचा दिवा प्रथम रॉकेलचा असे, मागाहून डायनामो आला; तो टायरला टेकवला की पायडल जड होई, आणि सायकल थांबली की उजेडही थांबे.

या सायकली भिलाईच्या पोलादाच्या नव्हत्या, ही गोष्ट बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेतील तीन सरकारी कारखान्यांपैकी पत्रा तयार करण्याचे काम जर्मन साह्याने उभ्या राहिलेल्या राउरकेल्याकडे होते. भिलाईकडे रूळ, तुळया आणि बांधकामाचे जड पोलाद. त्यामुळे आगगाडीने देशभर धावावे म्हणून रूळ लाटणारा कामगार स्वतः ज्या वाहनावर बसून कामाला जाई, ते आसनसोलच्या सेन-रॅलेचे, मद्रासजवळच्या अंबत्तूर येथे बनलेले हर्क्युलिस, 1951 साली सोनिपतास सुरू झालेल्या अ‍ॅटलसचे किंवा 1956 साली लुधियान्यास निघालेल्या हीरोचे असे. नवी सायकल ही एकदम रोख देऊन घेण्याची वस्तू नव्हती. सरकारी नोकरांना सायकलीसाठी अग्रिम रक्कम देऊन ती पगारातून हप्त्याहप्त्याने वळती करून घेण्याची तरतूद नियमांत होती, यावरूनच त्या वस्तूचे तत्कालीन संसारातील मोल ध्यानात येईल. सायकल घरात आली की तिला हळदकुंकू लागे, आणि दसऱ्याला झेंडूची माळ.

परंतु मला ज्या गोष्टीविषयी विशेष लिहावयाचे आहे ती वेगळीच आहे. हा कारखाना रशियन अभियंत्यांकडून शिकलेल्या आणि देशातील तंत्रशाळांतून आलेल्या माणसांनी चालवला हे खरे. तथापि आसपासच्या खेड्यांतील, काल-परवापर्यंत नांगर धरणाऱ्या माणसाच्या हाताला यंत्राची ओळख प्रथम कोणी करून दिली, असे विचाराल तर मी सुपेल्याच्या आणि पॉवर हाउसच्या बाजारांतील सायकलदुरुस्तीच्या दुकानांकडे बोट दाखवीन. आटे म्हणजे काय, फट किती ठेवावी, वंगण कोठे आणि किती घालावे, ताण दोन्ही बाजूंनी सारखा का असावा, हे पाठ तेथे विनामूल्य मिळत. अट एवढीच की गिऱ्हाइकाने उकिडवे बसून पाहावे.

आम्ही ज्या दुकानात जात असू तेथले मिस्त्री गोंदियाकडचे होते, आणि आम्ही त्यांना काका म्हणत असू. पंक्चर काढण्याची त्यांची पद्धत अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन पट्ट्यांनी टायरची एक कड रिमबाहेर काढावयाची, ट्यूब ओढून घ्यावयाची, हवा भरून ती घमेल्यातील पाण्यात हातहात बुडवीत फिरवावयाची, आणि बुडबुडे आले की ती जागा कोरडी करून, खरकागदाने घासून, त्यावर सोल्यूशनचा पातळ थर लावून वाट पाहावयाची. येथे प्रत्येक मुलगा घाई करी. सोल्यूशन ओले असताना पॅच बसवला तर तो टिकत नाही. बोट लावल्यावर चिकटावे पण बोटाला लागू नये इतके ते सुकले पाहिजे. पॅच बसवून झाल्यावरही काका ट्यूब लगेच आत घालू देत नसत. टायरच्या आतल्या अंगावरून ते बोटांची अग्रे सावकाश फिरवीत आणि म्हणत, “बाबू, काटा ट्यूबमंदी नाही राहत, टायरमंदी राहते. तो नाही काढला तं घरी जायच्या आधी पुन्हा येशील.” मग बाभळीचा काटा किंवा कारखान्याच्या रस्त्यावरील लोखंडाचा बारीक कीस चिमट्याने बाहेर निघे.

चाकाचा आउट काढणे ही त्याहून वरची विद्या. आपल्याकडील जड सायकलीच्या पुढच्या चाकाला 32 आणि मागच्या चाकाला 40 तारा असतात, कारण माणसाचे आणि कॅरिअरवरील ओझ्याचे वजन मुख्यतः मागे पडते. सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी करून चाक फिरवावयाचे, रिम ज्या बाजूला झुकते त्या बाजूच्या तारा किंचित सैल आणि समोरच्या बाजूच्या किंचित घट्ट करावयाच्या, आणि तेही एका वेळी निपलचा अर्धा फेरा, अधिक नाही. नवशिका जेथे दोष दिसतो तेथेच जोर लावून बसतो आणि चाक अधिकच वाकडे करतो. मागच्या हबमध्ये प्रत्येक बाजूला 9 छर्रे. ग्रीसमध्ये ते एकेक बसवून कोन आवळताना चाक घट्टही नको आणि डुलतेही नको, ही मधली जागा बोटांनाच कळते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, नाहीतर चालता चालता पायडल सैल होऊन सुटेल, हे ज्याला तेथे समजले त्याला पुढे कारखान्यात एखाद्या फिरत्या दांड्याची नटबोल्टे उलट्या आट्यांची का, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही. फिटरच्या कामावर नाव काढलेले कित्येक वडीलधारे मी पाहिले आहेत, ज्यांचा पहिला पाना सायकलीचा होता.

येथील मातीने आणि हवेनेही दुरुस्तीचे स्वतःचे नियम घालून दिले होते. लोहखनिजाची तांबूस धूळ साखळीवरील तेलात मिसळली की ते वंगण न राहता घासकागदाचे काम करी, आणि दातेरी चाकाचे दात झिजून टोकदार होत. म्हणून जाणते लोक साखळी रॉकेलने धुऊन, पुसून, थेंब थेंब तेल देत, आणि वरचे तेल पुन्हा फडक्याने टिपून घेत. खेड्यांकडील वाटांवर कन्हार, म्हणजे छत्तीसगडची काळी चिकण जमीन. पावसाळ्यात ती मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये अशी भरून बसे की चाक फिरेनासे होई, आणि मजूर सायकल खांद्यावर घेऊन डांबरी सडकेपर्यंत चालत येई. कित्येकांनी त्यासाठी मडगार्डच काढून ठेवले; कपडे चिखलाने माखले तरी चालतील, पाळी चुकता कामा नये.

मुले सायकल शिकली ती बापाच्या सायकलीवर, रात्रपाळी करून बाप झोपलेला असताना. सीटपर्यंत पाय पोहोचत नसल्याने नळीखालून पाय पलीकडे घालून, अंग एका बाजूला टाकून, अर्ध्या अर्ध्या पायडलने ती चालवीत. मुलींची सायकल प्रथम शिक्षिका आणि परिचारिका यांच्या घरांतून दिसू लागली. खेड्यांतील मुलींपर्यंत ती पोहोचण्यास मात्र छत्तीसगड राज्य स्थापन होऊन सरस्वती सायकल योजना 2004-05 च्या सुमारास येईपर्यंत वाट पाहावी लागली. नववीत गेलेल्या गरीब घरच्या मुलीला शासनाकडून सायकल मिळू लागली, आणि माध्यमिक शाळा दूरच्या गावी आहे एवढ्याच कारणाने शिक्षण थांबवण्याची सबब कमकुवत झाली. राज्याच्या इतक्या निर्णयांत मला हा फार मोलाचा वाटतो.

1972 साली लूना निघाली, मग स्कूटरची प्रतीक्षायादी आली, मग मोटारसायकली. आणि सेक्टरांतील क्वार्टरांच्या व्हरांड्यांतून सायकल मागे अंगणात आणि तेथून भंगाराच्या तराजूवर गेली. त्याच काळात कायम कामगारांची संख्या ओसरत गेली आणि ठेकेदाराकडील मजुरांची वाढत गेली. म्हणून आज सकाळी बोरिया गेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिल्यास वाहनावरूनच माणसाची नोकरी बहुधा ओळखता येते: मोटारसायकल कायमची, सायकल ठेक्याची. ज्या वाहनावरून एके काळी फोरमन आणि खलाशी शेजारी शेजारी जात, ते आता केवळ कमी मजुरी मिळवणाऱ्याचे चिन्ह व्हावे, याची मला खंत वाटते.

दुकानेही बदलली. काकांचे दुकान त्यांच्या मुलाने चालवले, नातू आता बॅटरीवर चालणाऱ्या दुचाकी दुरुस्त करतो. तरी 28 × 1½ मापाचे टायर तेथे अजून खुंटीला टांगलेले असतात, कारण गावांकडून येणाऱ्या मजुरांच्या सायकलींना दुसरे माप चालत नाही, आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ठेकेदाराचे पैसे हाती पडले की, ते विकलेही जातात. पाण्याचे घमेले दाराशीच आहे. नातवाला पंक्चर काढताना मी पाहिले आहे. पॅच बसल्यावर तोही टायरच्या आतून बोटे फिरवतो.