कुणाचा शूर पुत्र? वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर

मंगळवार पेठेत बसून फ्रान्समधल्या एका थडग्याविषयी बोलायचं म्हणजे जरा लांबचंच वाटेल. पण सुरुवात आपण जवळून करू.

महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत चावडीच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक पाटी बसवलेली दिसते. या गावातून इतके लोक 1914 ते 1919 च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. बस, एवढंच. आकडा आहे, नावं नाहीत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. एप्रिल 1916 मध्ये कूत पडलं, तेव्हा 103 आणि 110 क्रमांकाच्या मराठा पलटणी आतच अडकल्या होत्या. त्यांतले किती परतले, हे त्या पाट्या सांगत नाहीत.

आता दुसरी बाजू. फ्रान्समध्ये सोम नदीच्या परिसरात हांगार नावाचं खेडं आहे. तिथल्या युद्धस्मशानात लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर या मुंबईच्या मुलाचं थडगं आहे. नाव कोरलेलं आहे, तारीख आहे, 30 जून 1918. खाली इंग्रजीत ओळ आहे, तिचा आशय असा की साम्राज्याच्या सर्वांत शूर पुत्रांपैकी हा एक.

हे वाक्य वाचून आपण थांबलं पाहिजे. कारण याच साम्राज्यानं त्याला आधी दारातच अडवलं होतं. लढाऊ दलात हिंदी माणसाला बादशाही कमिशन 1917 पर्यंत जवळपास बंदच होतं. वेलिणकरांनी वैमानिक व्हायचं म्हटलं, तर त्यांना मेकॅनिकचं काम सुचवलं गेलं. हरदितसिंग मलिक यांनाही आधी नकारच मिळाला. ते फ्रेंचांकडे रुग्णवाहिका चालवायला गेले. पुढे ऑक्सफर्डमधल्या त्यांच्या शिक्षकांनी पत्र लिहिलं, तेव्हा कुठे दार उघडलं.

असे चौघे हिंदी तरुण त्या युद्धात पश्चिम आघाडीवर विमानं घेऊन गेले. मलिक पायात गोळ्या लागून परतले. एरल सेन कैद झाले. इंद्रलाल रॉय दहा विजय नोंदवून 22 जुलै 1918 ला पडले, वय 19. आणि वेलिणकर. त्यांची तुकडी 23 क्रमांकाची, विमान सॉपविथ डॉल्फिन. या विमानात वैमानिकाचं डोकं वरच्या पंखाच्या चौकटीतून बाहेर यायचं. वर सगळं मोकळं दिसायचं, पण विमान उलटलं तर आधी डोकंच आपटायचं. 27 जूनला ते गस्तीवर गेले ते परत आले नाहीत. तीन दिवसांनी जर्मनांच्या ताब्यात असताना त्यांचा मृत्यू झाला.

पुढच्या महायुद्धात हिंदी हवाईदलाच्या 7 आणि 8 क्रमांकाच्या तुकड्यांनी व्हेन्जन्स बॉम्बर ब्रह्मदेशाच्या आघाडीवर उडवले. विमानात दोघंच. पुढे वैमानिक, मागे गनर. त्या आघाडीवर जे सापडलेच नाहीत, अशा हवाई सैनिकांची नावं सिंगापूरच्या स्मारकावर आहेत.

मग वेलिणकर कुणाचे? ज्या सत्तेविरुद्ध आपण लढलो, तिच्यासाठी ते मेले, हे खरं. म्हणून त्यांना विसरायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. ‘साम्राज्याचा’ हा शब्द त्या दगडावर राहू दे. मुलगा आपला आहे. आणि गावच्या पाटीवर जो नुसता आकडा झाला, तोही आपलाच. घरी गेल्यावर आजोळच्या गावाची ती पाटी एकदा बघा. त्या आकड्यातलं एक तरी नाव कुणा म्हाताऱ्या माणसाला आठवतं का, विचारा आणि लिहून ठेवा.