नाव मेंदूचं, काम साऱ्या शरीरात

माझ्या दुसऱ्या बाळंतपणात रक्तदाब चढला आणि मला गोंदियाहून नागपूरला हलवावं लागलं. दिवस भरण्याआधी मुलगी झाली, वजनाने कमी. "आपा, तिच्या दिमागावर तर असर होणार नाही ना?" असं बऱ्याच जणींनी विचारलं. मी भाषा शिकवणारी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना हा इतिहास हाती लागला.

१९३८ मध्ये मुसोलिनीच्या इटलीने वांशिक कायदे करून ज्यूंना विद्यापीठांतून काढलं. त्यात तुरिनच्या तरुण डॉक्टर रिटा लेव्ही-मोंताल्चिनी होत्या. त्यांनी निजायच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली, शिवणाच्या सुया घासून हत्यारं केली आणि अंड्यातल्या कोंबडीच्या गर्भाचे मज्जातंतू तपासत राहिल्या. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुईसला त्यांनी उंदराची गाठ अशा गर्भाला जोडली. फक्त रक्तातून संबंध असला, तरी मज्जातंतू भराभर वाढले. म्हणजे गाठीतून काहीतरी स्रवत होतं. ते एक प्रथिन निघालं. स्टॅन्ली कोहेन यांना तेच सापाच्या विषात आणि उंदराच्या लाळग्रंथीतही सापडलं. दोघांना १९८६ चं नोबेल मिळालं.

त्याआधी, १९८२ मध्ये, बार्ड आणि थोएनन यांनी डुकराच्या मेंदूतून या प्रथिनाचं भावंड वेगळं केलं होतं. त्याला 'बीडीएनएफ' म्हणतात. मेंदूतल्या पेशी जगवणं, त्यांचे जोड पक्के करणं हे त्याचं काम. पण ते मेंदूपुरतं नाही. रक्तातल्या प्लेटलेट्स ते साठवतात, व्यायामाने ते वाढतं, आणि त्याच्या जनुकाची एक प्रत नसलेली मुलं लहानपणीच लठ्ठ होतात, कारण भुकेवरचा लगामही त्याच्याकडे आहे.

माझ्या प्रश्नाजवळ आलं ते पुण्याचं काम. भारती विद्यापीठात साधना जोशी आणि सहकाऱ्यांनी रक्तदाब वाढलेल्या गरोदर स्त्रियांचं रक्त आणि वार तपासली, तेव्हा या प्रथिनांचं प्रमाण बदललेलं दिसलं. उंदरांवरच्या प्रयोगांत आईच्या आहारात बी-१२ आणि ओमेगा-३ एकत्र दिल्यावर पिलांच्या मेंदूत बीडीएनएफ सुधारलं.

यावरून कुणा एका बाळाचं भविष्य सांगता येत नाही. माझी मुलगी आज नववीत आहे, गणितात माझ्यापेक्षा हुशार. पण एवढं कळलं की आईचं ताट बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतं. आपल्या घरांत गरोदर सूनही सगळ्यांच्या शेवटी जेवते. मीही जेवत होते. आता आमच्या घरी पहिलं ताट तिचं असतं.