मलबारची मिरी : तोडणी, वाळवण आणि साठवण

मिरीच्या इतिहासात गलबतांचा, बंदरांचा आणि राजेरजवाड्यांचा जेवढा ऊहापोह झाला आहे, तेवढा तिच्या वाळवणाचा झालेला नाही. वस्तुतः मलबारच्या अंगणांत ती नीट वाळली नसती, तर समुद्रापार जाण्याइतकी टिकलीच नसती. पांगाऱ्यासारख्या झाडांच्या आधाराने चढणाऱ्या मिरवेलीला पावसाळ्याच्या आरंभी फुलोरा येतो आणि साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात घोस तोडणीस येतात. घोसातील एखाददुसरा दाणा लालसर होताच, बाकीचे हिरवे असतानाच, अख्खा घोस उतरवला जातो. कारण सगळे दाणे पिकू द्यावेत तर ते गळतात नि पाखरे टिपतात, आणि कोवळे तोडावेत तर वाळल्यावर पोकळ निघतात. घोस पायांनी मळून सुटे केलेले दाणे चटईवर पातळ पसरून तीन ते पाच दिवस कडक उन्हात ठेवले की सालीतील विकरामुळे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनामुळे, हिरवा रंग काळा होतो, साल आकसून सुरकुतते आणि 100 किलो ओल्या मिरीची सुमारे 33 किलो सुकी मिरी उरते.

मिरीचा तिखटपणा पायपरिन या द्रव्यामुळे, तर सुवास बाष्पनशील, म्हणजे हवेत उडून जाणाऱ्या, तेलामुळे असतो. दाणा अख्खा आणि कोरडा राहिला तर दोन्ही दीर्घकाळ टिकतात. ओल राहिली तर बुरशी धरते, आणि पूड केली की सुवास झपाट्याने जातो. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात, पहिल्या शतकातील एका मंदिराच्या आवारात, भारतीय बनावटीच्या मोठ्या रांजणात सुमारे 7.5 किलो मिरी उत्खननात सापडली, तीही अख्ख्या दाण्यांचीच.

हा काळा रंग येतो कुठून, याविषयी युरोपात मात्र दीर्घकाळ भलताच समज होता. सातव्या शतकातील इसिडोर या विद्वान बिशपाने लिहून ठेवले की, मिरीच्या रानांची राखण सर्प करतात, त्यांना पळवण्यासाठी रहिवासी रान पेटवतात आणि त्या आगीने दाणे काळे पडतात. चौदाव्या शतकात मलबारात फिरलेल्या इब्न बतूताने आपल्या देशबांधवांचा, मिरी भाजली जाते, हा समज खोडून काढला आणि हे सारे काम उन्हाचे असल्याचे नोंदवले. कालिकतला तर त्याने मिरी धान्यासारखी मापाने मोजताना पाहिली. त्याची ही नोंद मोलाची आहे, कारण परदेशी प्रवाशांचे लक्ष सहसा वखारीच्या दारापर्यंतच पोहोचत असे.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी कोचीला ठरीव दराने खरेदी सुरू केल्यावर, मिरी ओली येते, तिच्यात माती-वाळू मिसळलेली असते, अशा तक्रारी वाढल्या आणि लिस्बनला पोहोचेपर्यंत वजनात येणारी घट हा हिशेबातला कायमचा प्रश्न होऊन बसला. या तक्रारींत दोष नेहमी विकणाऱ्याच्या माथी मारला जाई. परंतु नीट वाळवलेल्या मालाचे वजन घटते आणि त्या घटीची भरपाई ठरीव दरात होत नव्हती, हे ध्यानात घेतले तर वाळवणाऱ्याने आणखी दोन दिवसांचे ऊन द्यायचे कशासाठी, हा प्रश्न खरेदीदारालाच विचारायला हवा होता.