समुद्रतळावरचे उष्ण झरे

समुद्रतळावरचे उष्ण झरे कायम एकाच धगीने उकळत नाहीत. पूर्व प्रशांत कटकावर, ९° ५०′ उत्तर अक्षांशाजवळ, एप्रिल १९९१मध्ये ‘अल्विन’ पाणबुडी उतरली तेव्हा लाव्हा नुकताच फुटला होता. सुमारे २,५०० मीटर खोलीवर ४०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले पाणी उसळत होते, आणि भेगांतून सूक्ष्मजीवांचा पांढरा पुंजका बर्फासारखा उडत होता.

उद्रेकानंतर आधी येते ते वाफाळ, कमी खारे पाणी. जड, अतिखारे पाणी खडकातच अडकते. कढ ओसरला की काही वर्षांनी तेही वर येते.

डिसेंबर १९९३पर्यंत तिथे दीड मीटर लांबीचे नळीकृमी वाढले होते! पुढे २००५-०६मध्ये पुन्हा उद्रेक झाला, तळावर ठेवलेले काही भूकंपमापकही लाव्हात अडकले.